डावा कोपरा

लाल फासा डिकीच्या डाव्या भिंतीपासून सात सेंटिमीटरवर होता.

तृप्ती वाघचौरेने मोजपट्टी गुंडाळली आणि वहीत आकडा लिहिला. सोमवारी सात, मंगळवारी सात, आज बुधवारीही सात. सकाळी शिरसफाट्याच्या महामार्ग पोलीस मदत केंद्रावरून निघताना बचावाच्या दोरीची पिशवी तिने स्वतः उजव्या बाजूला, प्रथमोपचार पेटीला टेकवून ठेवली होती. त्यानंतर डिकी कोणी उघडली नव्हती. तरी गाडी कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर मागून काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज आला होता. गाडी विजेवरची, इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मागचं सगळं ऐकू यायचं. आता पिशवी डाव्या कोपऱ्यात होती आणि तिचा फासा बाहेरच्या बाजूला, हात घालणाऱ्याच्या पंज्यात यावा असा वळलेला होता.

"किती आलं?" हवालदार इम्तियाज मुलाणीने चालकाच्या जागेवरूनच विचारलं.

"सात."

"रुखवत मांडावं तशी डिकी मांडता तुम्ही. वर पट्टीनं मोजता." तो उतरून मागे आला. दोरीकडे बघत उभा राहिला. "वाघचौरे, एक विचारू? मी उजवा, तुम्ही उजव्या. मग ही रोज डावीकडे कुणासाठी जाते?"

"जुनं शिकलेलं आहे ते."

शिरसफाट्यावर डावखुरा माणूस एकच होता, सहायक फौजदार भागवत सानप. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

तृप्तीने डिकी बंद केली. गाडी निघाली, कालव्याचा रस्ता सोडून महामार्गाला लागली, आणि मागे पुन्हा तोच आवाज झाला. दोरी उजवीकडे, सकाळच्या जागेवर परत निघाली होती.

डिकीतल्या यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. केंद्रावर सगळे त्याला पाट म्हणत. चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा ती नुसती काळी रबरी चटई होती. तिच्या आत बाराशे दाबमापक होते आणि कुठल्या जागी किती वजन आहे हे ते सेकंदाला दहा वेळा नोंदवत. पाळी बदलताना वाहतुकीचे शंकू, जॅकेट, स्ट्रेचर, अग्निशामक, पत्रा कापायचं कटर हे सगळं मोजत बसायला लागू नये, एवढाच तिचा उपयोग. चटई सांगायची, साहित्य पूर्ण. दोन्ही पाळ्या सही करून मोकळ्या. यंदा उन्हाळ्यात त्या चटईवर सरकते कप्पे बसले, कप्प्यांना छोट्या मोटारी बसल्या, आणि पाट स्वतः मांडणी करायला लागला.

त्याला नियम कोणी सांगितले नव्हते. एकच काम दिलं होतं. डिकीचं झाकण उघडल्यापासून हवी ती वस्तू हातात येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला शोधवेळ म्हणायचं आणि तो कमी करायचा. त्यासाठी पाटाने चार वर्षांच्या सगळ्या नोंदी चाळल्या. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या प्रकारच्या घटनेला, कुठला हात कुठे जातो, हे तो त्यातून शिकला. ज्या नोंदीत शोधवेळ फार गेला असेल तिचं वजन त्याच्या हिशेबात जास्त होतं, कारण सुधारायला वाव तिथेच होता. ट्रकच्या अपघाताच्या नोंदी शेकड्यांनी होत्या, त्यामुळे एखादी विचित्र नोंद त्यांच्यात बुडून जायची. पाण्यात कोणी पडल्याच्या नोंदी मात्र बाराच होत्या. बाराही वेळा डिकीत गेलेला हात सानपतात्यांचा होता.

तृप्ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. पाट का असा वागतो हे तिला केंद्रावरच्या कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. म्हणूनच ती रोज मोजत होती. एखाद्या दिवशी आकडा बदलेल, अशी आशा होती.

मागच्या वर्षी खंडेनवमीला नेहमीप्रमाणे केंद्रासमोर ताडपत्री अंथरली होती. डिकी रिकामी करून धुतली, एकेक वस्तू पुसून ताडपत्रीवर मांडली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. या पूजेचा तात्यांचा एक नियम होता. ज्याने उतरवलं त्यानेच चढवायचं. तात्या स्वतः उतरवत आणि स्वतः चढवत. दोरी शेवटी, डाव्या कोपऱ्यात, फासा बाहेर. पण त्या दिवशी आरती संपते न संपते तोच फाट्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची कोंडी झाली आणि तात्यांना तिकडे जावं लागलं. ताडपत्रीवर ऊन आलं होतं. तृप्तीने साहित्य भरायला घेतलं.

तिने ते हुशारीने भरलं. जड वस्तू खाली आणि मध्ये, जास्त लागणाऱ्या पुढे, कमी लागणाऱ्या मागे. तीन वर्षांत शंकू नऊशेच्या वर वेळा काढले गेले होते आणि दोरी अकरा वेळा. दोरी उजवीकडे, जॅक आणि ब्लँकेटच्या मागे गेली. शंकू उशिरा सापडला तर काय होतं आणि दोरी उशिरा सापडली तर काय होतं, हा प्रश्न तिच्या कोष्टकात नव्हता.

तात्या आल्यावर सांगायचं होतं. ते तिला मास्तरीण म्हणत. "मास्तरीण, आता माझ्या हाताला शाळेत घालता काय?" असं काहीतरी म्हणाले असते आणि दोरी परत डावीकडे नेली असती. पण ते परतले तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं, आणि साडेचारला कॉल आला. सत्तेचाळिसाव्या दगडाजवळ कार कालव्यात गेली होती.

गाडी तृप्ती चालवत होती. पोचल्याबरोबर तात्या मागे धावले, तिने वायरलेस उचलला. नियंत्रण कक्ष विचारत होता, कुठला दगड, कुठला काठ, किती माणसं. मागून तात्यांचा आवाज आला, "मास्तरीण, दोरी कुठंय?"

तिने तर्जनी वर केली. एक मिनिट.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिने वायरलेस खाली ठेवून मागे पाहिलं तेव्हा ते पाण्यात होते. कालव्याचे काठ काँक्रीटचे, तिरपे आणि शेवाळलेले. आत गेलेला माणूस आपल्या हाताने वर येऊ शकत नाही. कारच्या मागच्या खिडकीतून त्यांनी एका बाईला बाहेर ओढलं, काठाच्या पायऱ्यांवर ढकललं. ती बाई जगली. तात्यांना पाणी सायफनकडे, कालवा नळातून जमिनीखाली जातो तिकडे, घेऊन गेलं. तृप्तीला दोरी सापडली तेव्हा फेकायला समोर कोणी नव्हतं.

संध्याकाळी जबाब लिहून घेताना रायटरने ठरलेले प्रश्न विचारले. "साहित्य नेहमीच्या जागी होतं ना?" तो टाइप करतच विचारत होता. ती म्हणाली, "हो." चटईच्या यादीत साहित्य पूर्ण होतं. कुठल्या जागी होतं, हे त्या वेळी कोणी वाचलं नाही. अहवालात आलं, बचावाची दोरी उपलब्ध असताना ती न घेता पाण्यात उतरले.

तेराव्यानंतर सांगू, असं तिने ठरवलं. मग अहवाल येऊ दे म्हणाली. मग दिवाळी. मग तात्यांचा फोटो केंद्रात लागेल तेव्हा.

बुधवारी दुपारी मुलाणी जेवायला गेला असताना फोन आला. पाटाची देखभाल पुण्यातून ऋता खांबेटे नावाची अभियंता करायची. मोठ्या चष्म्याची, घाईघाईने बोलणारी मुलगी.

"मॅडम, तुमची तक्रार बघितली. दोरी डावीकडे पळते ती. तुमचा पाट एकाच नोंदीच्या मागे लागलाय. दाखवू?"

पडद्यावर राखाडी चौकोन उमटला. त्यात साहित्याचे निळे ठसे.

"गेल्या वर्षीची आहे. हा डावा कोपरा बघा. झाकण उघडलं आणि दोन सेकंदांत पहिला स्पर्श. चार बोटं, अंगठा उजवीकडे, म्हणजे डावा हात. पण तिथे काही ठेवलेलंच नाही. वजन शून्य. तरी परत तिथेच. मग जरा बाजूला, मग पुन्हा तिथेच. असं नऊ वेळा. आणि दोरी आहे इकडे, उजवीकडे मागे. या सगळ्या वेळात तिकडे हात गेलाच नाही."

तृप्ती ठसे बघत होती. एक, दोन, तीन. शेवटचे जास्त गडद होते. हात जोरात दाबला गेला होता.

"एकूण किती वेळ?"

"एकेचाळीस सेकंद. सगळ्या राज्यातला सर्वांत मोठा शोधवेळ असेल. म्हणूनच पाट सोडत नाहीये. त्याचं म्हणणं, एवढा वेळ पुन्हा जाता कामा नये. अजून एक गंमत." ऋताने चित्र पुढे सरकवलं. "शेवटी त्या रिकाम्या कोपऱ्यात एक किलो शंभर ग्रॅमची वस्तू ठेवलीय. यादीत नसलेली. दोन ठसे आहेत, शेजारी शेजारी, अगदी समांतर."

बूट. तृप्तीनेच ते दुसऱ्या दिवशी तात्यांच्या घरी पोचवले होते.

"मला विचाराल तर सेन्सर बिघडलेला असणार," ऋता म्हणाली. "रिकाम्या जागी कोण नऊ वेळा हात घालेल? गाडी तुमच्या ताब्यात आहे. तुम्ही 'बिघाड' असा शेरा दिलात की मी नोंद काढून टाकते. शुक्रवारी नवी आवृत्ती चढवतेय. मग दोरी ठेवाल तिथे राहील."

"काढलेली नोंद परत बघता येते?"

"नाही हो. काढली की गेली."

"आणि शेरा दिला नाही तर?"

"तर मला कारण लिहावं लागेल. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

"शुक्रवारी सांगते," तृप्ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कालव्यात खरिपाचं शेवटचं आवर्तन सोडलेलं, पाण्याचा वेग सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर. गुणिले एकेचाळीस. एकोणपन्नास मीटर. तेवढ्या वेळात कार सायफनच्या दिशेला एकोणपन्नास मीटर सरकली होती. तात्या उतरले तिथून सायफनचं तोंड साठ मीटरवर होतं. ते लगेच उतरले असावेत, असं ती वर्षभर समजत होती. एक हाक मारली आणि उडी टाकली. ते उभे राहिले होते, हे तिला माहीत नव्हतं. तिचं बोट खाली येण्याची वाट बघत ते त्याच कोपऱ्यात चाचपत राहिले होते.

तिने गाडीपाशी जाऊन डिकी उघडली. स्वतःच्या हाताने दोरी डाव्या कोपऱ्यात ठेवली. डोळे मिटले आणि डावा हात आत घातला. फासा सरळ पंज्यात आला, दुसऱ्या कोणी हातात द्यावा तसा. तिने हात झटकन मागे घेतला.

गुरुवारी देवरे साहेबांनी तिला सानपांच्या घरी पाठवलं. सहायक निरीक्षक देवरे केंद्राचे प्रमुख. यंदा पूजेला वहिनींना बोलवावं, गाडीला कुंकू त्यांच्या हातून लागावं, ही त्यांची इच्छा.

तात्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. "ये गं मास्तरीण," त्या म्हणाल्या. तात्यांनी दिलेलं नाव त्यांनी उचललं होतं. "बस. वाळलीस किती. जेवतेस की नुसते रिपोर्ट खातेस?"

"जेवते काकू."

"खोटं बोलायला अजून जमत नाही तुला."

तृप्तीने निरोप सांगितला. काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. आत भिंतीलगतच्या फळीवर काळे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, शेजारी शेजारी.

"येईन. पण तिथं मला रडायला आलं तर बघ हं, साहेबांसमोर." त्या थोडा वेळ देठं खुडत राहिल्या. "एक सांगू? कुणाला बोलले नाही. त्या दिवशी दुपारी मी फोनवर भांडले त्यांच्याशी. सणासुदीला पण तुम्हाला घर नाही, डिकीतच झोपा म्हणाले. ते हसले नुसते. मी फोन आपटला."

"काकू..."

"ऐक ना. हे बूट बघते मी रोज. पाण्यात जाणारा माणूस बूट काढतो, नीट जोडीनं ठेवतो. म्हणजे भान होतं ना? मग बूट आठवले आणि दोरी कशी नाही आठवली? अकरा वेळा पाण्यात गेला तो माणूस. एकदाही दोरी विसरला नाही." त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. "त्यांच्या डोक्यात माझं बोलणं होतं गं. दुसरं काय असणार? तूच होतीस तिथं. काही बोलले का ते?"

कालव्यावरच्या वायरलेसची खरखर तृप्तीच्या कानात सुरू झाली. "घाईत होते," ती म्हणाली.

"हो. घाईत." काकूंनी निवडलेली मेथी टोपल्यात टाकली. "चहा घेऊन जा."

तिने चहा घेतला. तो कडू होता की गोड, हे तिला परतीच्या वाटेवर आठवेना. खंडेनवमीनंतर सांगू, असं मनात आलं, आणि ते वाक्य तिने वर्षभर किती वेळा वापरलं होतं हे मोजायला ती लागली. मग तिने मोजणं थांबवलं.

शुक्रवारी सकाळी केंद्रासमोर पुन्हा ताडपत्री अंथरली गेली. मुलाणी डिकीतून एकेक वस्तू उतरवून देत होता. "हे घ्या कटर. हे स्ट्रेचर. हे श्वासचाचणी यंत्र, याला हार घालताना कोणी फुंकू नका, काल रात्रीचं काय काय बाहेर पडेल." हसणं झालं. काकू पांढऱ्या साडीवर मोरपंखी शाल घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्याही हसल्या.

तृप्तीच्या खिशात फोन थरथरला. ऋताचा निरोप होता. मॅडम, अकरा वाजता आवृत्ती चढवतेय. शेरा?

दहा चाळीस झाले होते.

काकूंनी गाडीच्या पुढच्या भागावर कुंकवाची पाच बोटं ओढली. नारळ फुटला. देवरे साहेबांनी दोन शब्द बोलताना सानपांचं नाव घेतलं, आणि शौर्याबरोबर सावधपणाही हवा, असं म्हणाले. कोणाला दुखवायचा त्यांचा हेतू नव्हता. काकूंनी मान खाली घातली.

"चला, साहित्य भरून घ्या," साहेब म्हणाले. "ऊन चढतंय."

डिकी रिकामी होती. चटई पुसलेली, कप्पे मोकळे. मुलाणीने पाट चालू केला आणि तपासणीसाठी कालव्याचा रस्ता निवडला. आत काहीच नव्हतं, तरी मागचा एक कप्पा हलला, डावीकडे सरकत गेला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"जागा धरतंय, वहिनी," मुलाणी हळू म्हणाला. "तात्यांच्या सवयीनं."

काकू खुर्चीतून उठल्या. ताडपत्रीवरून त्यांनी दोरीची पिशवी उचलली. फाशाला झेंडूचं एक फूल अडकलं होतं, ते काढलं नाही. पिशवी दोन्ही हातांत धरून त्या डिकीपाशी आल्या आणि त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"इथंच असायची ना गं ही? कायम?"

"हो काकू."

"त्या दिवशी पण?"

प्रश्न तोच होता, रायटरने टाइप करता करता विचारलेला. फोन पुन्हा थरथरला. शेऱ्यासाठी एक शब्द पुरेसा होता. पुढे काय होईल तेही तिला माहीत होतं. विभागीय चौकशी, निलंबन, या अंगणातल्या प्रत्येकाची नजर. आणि काकूंनी तिला पुन्हा मास्तरीण न म्हणणं. हे शेवटचं तिने आधी कधी यादीत धरलं नव्हतं.

तिने हात पुढे केला आणि काकूंच्या हातातली पिशवी दुसऱ्या बाजूने धरली.

"नव्हती," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. मुलाणीने वळून पाहिलं. "त्या दिवशी पूजा झाल्यावर दोरी मी हलवली. तात्यांना सांगितलं नाही. ते इथे एकेचाळीस सेकंद शोधत होते, मला विचारलंही, आणि मी थांबा म्हणून बोट दाखवलं. ते काही विसरले नव्हते, काकू. तुमचं बोलणं नव्हतं त्यांच्या डोक्यात. ते दोरीच शोधत होते."

काकूंनी पिशवी सोडली नाही.

तृप्ती देवरे साहेबांकडे वळली.

"साहेब, पाटातली ती नोंद काढू द्यायची नाही. आणि मला माझा जबाब बदलायचा आहे."